नसांची तपासणी: तेल नको, थंड पाय नकोत, आणि घाबरायचं कारणही नाही

डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘एनसीव्ही (नसांमधून संदेश जाण्याच्या वेगाची तपासणी), दोन्ही हात, दोन्ही पाय’ असं लिहून दिलं आणि डिचोलीला पोचेपर्यंत बसमध्येच कुणीतरी आईच्या कानात घातलं, “शॉक दितात खंय!” त्या रात्री ती धड जेवली नाही. बारा वर्षांचा मधुमेह, दोन वर्षांपासून तळपायांची आग, आणि पहाटे उजवा हात बधिर होऊन झटकत उठणं, हे सगळं तिने निमूट सोसलं होतं. पण ‘करंट’ हा शब्द तिला सोसेना.

आम्ही गेलो तो दिवस जुलैतला. पाऊस तुफान, बसमधून उतरल्यावर रस्त्यावर घोटाभर पाणी, चपला भिजलेल्या. तपासणीच्या खोलीत एसी. त्यात आईने आदल्या रात्री नेहमीसारखं दोन्ही पायांना खोबरेल चोळलेलं, कारण आग होते. चिकटवलेल्या पट्ट्या सुटायला लागल्या. तपासणी करणारी मुलगी स्पिरिटच्या बोळ्याने पुसतेय, पुन्हा चिकटवतेय, पुन्हा झटका देतेय. पाय बर्फासारखे. शेवटी तिने हात टेकले आणि म्हणाली, “मावशी, पायांचे आकडे खरे येत नाहीत, पुन्हा यावं लागेल.” अपॉइंटमेंटच्या कागदावर तयारीचा एक शब्द नव्हता. मला त्याचा अजून राग आहे. दोन ओळी छापल्या असत्या तर साठी उलटलेल्या बाईची एक फेरी आणि बरेच झटके वाचले असते.

दुसऱ्या वेळी आम्ही तयारीने गेलो आणि सगळं पाऊण तासात आटोपलं. त्यानंतर माझ्या स्वतःच्या मनगटासाठीही मी ही तपासणी करून घेतली. या फेऱ्यांमधून एक गोष्ट पक्की कळली. त्रास किती होणार हे बऱ्याच अंशी आपली त्वचा आणि हातापायांची ऊब ठरवते. त्वचा तेलकट असेल तर झटका वाढवावा लागतो, पाय थंड असतील तर मोजणी परत करावी लागते. म्हणजे झटके कमी करून घेणं काही प्रमाणात आपल्याच हातात आहे.

तिथे नेमकं काय मोजतात

आपण ‘नस’ हा शब्द रक्तवाहिनीलाही वापरतो आणि मज्जातंतूलाही. इथे रक्ताच्या नसेचा काही संबंध नाही. मेंदूकडून स्नायूंना हुकूम नेणाऱ्या आणि त्वचेकडून स्पर्श परत आणणाऱ्या मज्जातंतूंमधून संदेश किती वेगाने आणि किती जोमाने जातो, तेवढंच बघायचं असतं.

पद्धत सोपी आहे. मनगटावर नसेला एक बारीक झटका देतात आणि अंगठ्याच्या बुडाचा स्नायू किती वेळाने हलला ते मशीन नोंदवतं. मग तोच झटका कोपरापाशी देतात. कोपर ते मनगट हे अंतर टेपने मोजतात. समजा अंतर २२ सेंटिमीटर आहे आणि दोन्ही वेळांतला फरक ४ मिलिसेकंद, तर वेग झाला सेकंदाला ५५ मीटर. निरोगी माणसाच्या हातातल्या नसांचा वेग साधारण ५० मीटरच्या वर असतो, पायातल्या नसांचा ४० च्या वर. ५० मीटर म्हणजे ताशी १८० किलोमीटर. कोकण रेल्वेवरची कुठलीही गाडी इतक्या वेगाने धावत नाही.

हा वेग मोजता येईल असं पूर्वी कुणाला वाटतही नव्हतं. १८५० साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने बेडकाच्या नसेत तो मोजून दाखवला. सेकंदाला साधारण २७ मीटर भरला. आणि नस थंड केली की वेग घटतो, हेही त्याला तेव्हाच दिसलं. आईच्या भिजलेल्या पायांची गोष्ट तीच.

आता ‘करंट’. घरातला करंट २३० व्होल्टचा आणि अखंड वाहणारा असतो, हात चिकटला तर सुटत नाही. इथला झटका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढा, फार तर त्याच्या दुप्पट वेळ टिकतो. झटका देणाऱ्या दांडीची दोन टोकं दोन-तीन सेंटिमीटरच्या अंतरावर असतात आणि वीज मुख्यतः तेवढ्याच जागेत, त्वचेखाली फिरते. कोपर दाराला आपटल्यावर करंगळीपर्यंत जी झिणझिण जाते ना, ती अशाच एका नसेची. ती कळ आठवा, तिचा जोर निम्मा करा, आणि ती पापणी लवायच्या आत संपते असं समजा. बहुतेक झटके असे असतात. काही मात्र याहून जोरकस बसतात, ते मी लपवणार नाही.

चिठ्ठी मिळाली त्याच दिवशी

डॉक्टरांना समोरासमोर विचारा की फक्त एनसीव्ही आहे की सोबत ईएमजीही, म्हणजे सुईची तपासणी. दोन्ही वेगळ्या आहेत. पुष्कळ जण दोन्हींना एकच समजतात आणि नसलेल्या सुईला घाबरून बसतात.

मग स्वतःहून या गोष्टी सांगा, कुणी विचारायची वाट पाहू नका. छातीत पेसमेकर किंवा हृदयाचं दुसरं यंत्र बसवलेलं असेल, तर ते पहिलं. सहसा तपासणी तरीही करता येते, पण करणाऱ्याला आधी माहीत हवं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सुईच्या दृष्टीने ते महत्त्वाचं. मात्र त्या गोळ्या आपल्या मनाने कधीही बंद करू नका, बंद केल्याचा धोका सुईपेक्षा कितीतरी मोठा. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर एखादा हात सुजत असेल, कुठे जखम, गळू किंवा प्लॅस्टर असेल, गरोदर असाल, तर तेही. मायस्थेनियासाठी (स्नायू लवकर थकवणारा आजार) पायरिडोस्टिग्मिनची गोळी घेत असाल तर तपासणीआधी ती थांबवायची का, किती तास, हे डॉक्टरच ठरवतील. बाकी बीपी, थायरॉइड, साखरेची औषधं नेहमीसारखी चालू ठेवायची.

अपघात किंवा मार लागून नस दुखावली असेल तर घाई करून दुसऱ्याच दिवशी तपासणी करण्यात फारसा अर्थ नसतो. तुटलेल्या नसेचा पुढचा भागही काही दिवस संदेश वाहून नेत राहतो, आणि सुईच्या तपासणीत खरे बदल दिसायला साधारण तीन आठवडे लागतात. तेव्हा डॉक्टरांनी उशिराची तारीख दिली तर त्यामागे कारण असतं. मात्र हातापायातली शक्ती भराभर जात असेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर तारखेची वाट न पाहता थेट इस्पितळ गाठायचं. ती गोष्ट वेगळी.

गोवा सरकारच्या दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर सोबत ठेवा, आणि ही तपासणी त्यात बसते का ते काउंटरवर आधीच विचारून घ्या. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) बांबोळीला जाणार असाल किंवा खासगीत, जुना केस पेपर, साखरेचे ताजे रिपोर्ट आणि औषधांची यादी एका प्लास्टिकच्या पिशवीत भरून ठेवा. पावसाळ्यात ती पिशवी विसरू नका.

आदला दिवस

आदल्या संध्याकाळपासून हातापायांना तेल, क्रीम, लोशन, बाम, व्हॅसलिन काहीही लावायचं नाही. आपल्याकडे हेच सर्वात कठीण. पाय जळतात म्हणून खोबरेल, गुडघा दुखतो म्हणून कसलंसं आयुर्वेदिक तेल, हात फुटतात म्हणून क्रीम. हे इतकं सवयीचं असतं की ‘तेल लावलंय का?’ असं विचारलं तर माणूस ‘नाही’ म्हणतो आणि पाय चकाकत असतात. आईच्या पायांना दुसऱ्या खेपेच्या आदल्या रात्री मी नुसतं ओलं फडकं फिरवलं. आग थोडी झाली, पण एका रात्रीचा प्रश्न होता.

अंगठ्या, घड्याळ, हातातलं कडं, पैंजण, जोडव्या काढायच्या असतात. तपासणीच्या खोलीत साबण लावून अंगठी ओढत बसण्यापेक्षा आदल्या दिवशी घरीच सावकाश काढा. बोट सुजलं असेल आणि अंगठी निघतच नसेल तर जबरदस्ती करू नका, तसं सांगा. काचेच्या बांगड्या आई काढायला तयार नव्हती. कोपराकडे सरकवून रुमालाने बांधल्या आणि मनगट मोकळं मिळालं, तेवढ्याने त्यांचं काम झालं. मंगळसूत्र आड येत नाही.

त्या दिवशी सकाळी

उपाशी राहायचं नाही. हा गैरसमज फार आहे, रक्ततपासणीमुळे असेल. मधुमेह असणाऱ्याने तर नेहमीचा नाश्ता आणि नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन ठरल्या वेळी घ्यावं, कारण नंबर कधी लागेल सांगता येत नाही आणि बाकावर बसल्या बसल्या साखर उतरली तर भलतंच होऊन बसतं. पिशवीत बिस्किटं ठेवा. चहा-कॉफी काही ठिकाणी दोन-तीन तास आधी नको म्हणतात, काही ठिकाणी चालते. फोन करून विचारा.

साबणाने आंघोळ करा, शक्यतो कोमट पाण्याने, आणि हातपाय कोरडे पुसा.

कपडे सैल हवेत. बाही कोपराच्या वर आणि पायजमा गुडघ्याच्या वर सहज गेला पाहिजे. आई पहिल्यांदा साडीत गेली होती, दुसऱ्यांदा सैल कुडता-पायजम्यात. फरक तिलाच जाणवला, कारण पाय दाखवताना सारखी साडी सावरण्यात तिचं अर्धं लक्ष जात होतं आणि अंग आक्रसून राहत होतं. लुंगी किंवा हाफ पँट पुरुषांना उत्तम.

आता ऊब. मोजताना हाताची त्वचा निदान ३२ अंश सेल्सियस आणि पायाची ३० अंशांच्या आसपास असावी असं धरतात. प्रत्येक अंशामागे वेग सेकंदाला दीड ते अडीच मीटरनी घसरतो. म्हणजे पाय तीन-चार अंशांनी थंड असतील तर धडधाकट नसही आजारी वाटेल. गोव्यात थंडी कुठली, असं म्हणू नका. पावसात भिजलेले पाय आणि तासभर एसी, एवढं पुरतं. घरून निघताना मोजे घाला, पिशवीत कोरड्या मोज्यांचा आणखी एक जोड आणि छोटा टॉवेल ठेवा, पोचल्यावर पाय पुसून मोजे बदला. रांगेत एसीच्या झोतापासून दूर बसा, हातांवर ओढणी घ्या. आत गेल्यावर पाय गार वाटत असतील तर सांगा, ते गरम पाण्याने किंवा ब्लँकेटने ऊब आणून देतात. आईच्या पहिल्या खेपेला उजव्या पायाचा एक आकडा ३६ आला होता. ऊब आणल्यावर दुसऱ्या खेपेला तोच ४१.

एक इशारा मात्र मनापासून देते. पायांना बधिरपणा असेल तर घरी गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नका. चटका कळत नाही, फोड येतो, आणि मधुमेहात त्या फोडाची जखम महिनोन् महिने पुरते. पाणी कोमट आहे की नाही ते दुसऱ्या, धड संवेदना असलेल्या माणसाने हात घालून बघायचं.

खोलीत गेल्यावर

उताणं झोपवतात किंवा खुर्चीत बसवतात. बोटांवर रिंगसारख्या तारा किंवा छोट्या चिकटपट्ट्या लावतात, हाताच्या मागच्या बाजूला एक अर्थिंगची पट्टी. त्वचा खरखरीत जेलने थोडी घासतात. हे घासणं आपल्याच फायद्याचं, कारण त्याने सिग्नल स्वच्छ मिळतो. मग दोन टोकांची दांडी मनगटावर टेकवतात.

पहिला झटका टिचकीसारखा. मग हळूहळू वाढवत नेतात, आणि आणखी वाढवूनही रेघ मोठी होईनाशी झाली की थांबतात. का वाढवतात हे माहीत असलं की घाबरायला होत नाही. नसेत हजारो धागे असतात आणि सगळे एकाच वेळी जागे झाले तरच मोजमाप खरं.

आईचा अंगठा स्वतःहून उडाला तेव्हा ती दचकली. माझाही उडाला होता. आपण काही न करता आपलाच अंगठा तळहाताकडे टपकन वळतो, पाऊल आपोआप वर उचललं जातं. हे बघायला विचित्र वाटतं, पण दुखत नाही. स्नायूपर्यंत हुकूम पोचल्याची ती खूण. मध्येच ती मुलगी पेनने कोपरावर ठिपका काढून टेप लावते. पेनची ती निळी खूण आईच्या हातावर दोन दिवस होती.

सर्वात नकोसा भाग सांगून ठेवते. एफ-वेव्ह नावाच्या चाचणीत एकाच जागी दहा-बारा झटके ओळीने देतात. सांगितलेलं नसलं तर माणसाला वाटतं, काहीतरी बिघडलं. बिघडलेलं नसतं. आधीच विचारा, “ओळीने देणार तेव्हा सांगाल का?” आणि मनात मोजा. गुडघ्यामागच्या खळगीत दिलेला झटकाही जरा जोराचा लागतो, कारण तिथे नस खोल असते. उलट पोटरीच्या बाहेरच्या बाजूची सुरल नस नुसती स्पर्शाची, तिथे हलका झटका पुरतो. मधुमेहात बहुधा पायाच्या लांब नसांवर आधी परिणाम दिसतो, म्हणून ती नीट तपासतात.

हात-पाय दोन्ही असतील तर अर्धा ते एक तास धरा.

भीतीचं काय करायचं

भित्र्या माणसाला ‘काही होत नाही’ म्हणून गप्प करू नका. आईला मी पहिल्यांदा तेच म्हटलं आणि झटका बसल्यावर तिचा माझ्यावरचा विश्वास उडाला. दुसऱ्यांदा मी आदल्या संध्याकाळी तिच्या मनगटावर बोटाने टिचकी मारून दाखवली. मग रबर बँड हलकेच ओढून सोडला. “एवढं?” “काही एवढे, काही याहून जास्त. पण कुठलाच टिकत नाही.” ती गप्प झाली. मग म्हणाली, “तू आत असशील ना?” सोबत आत राहू देतात का ते आधी विचारून ठेवा, बहुतेक ठिकाणी कुणी हरकत घेत नाही.

आत गेल्यावर तीन गोष्टी उपयोगी पडल्या. प्रत्येक झटक्याआधी ‘देते हं’ म्हणायला सांगणं. झटका येताना श्वास रोखून न धरता तोंडाने सावकाश सोडणं. आणि हात मेल्यासारखा सैल सोडणं. अंग ताठ केलं की स्नायूंची स्वतःची वीज मशीनवर गडबड करते आणि झटका पुन्हा द्यावा लागतो, म्हणजे घाबरून आवळलं तर झटके वाढतात. काहींना पडद्याकडे बघितल्याने बरं वाटतं, काहींना छताकडे. आईने विष्णुसहस्रनाम म्हटलं.

कधीही ‘जरा थांबा’ म्हणता येतं, आणि म्हणावं. रक्त बघून किंवा सुई टोचून पूर्वी चक्कर आली असेल तर तेही सांगा, झोपवूनच करतात. भीतीसाठी शेजारच्यांची झोपेची गोळी मात्र घेऊ नका.

सुई असेल तर

ईएमजीची सुई बारीक आणि नवी, एकदा वापरून फेकायची. तिच्यातून औषध आत जात नाही, झटकाही दिला जात नाही. ती फक्त स्नायूचा आवाज ऐकते. टोचताना खुपतं. मग डॉक्टर म्हणतात ‘सैल सोडा’, तेव्हा निरोगी स्नायू शांत असतो. ‘जरा ताठ करा’ म्हटलं की स्पीकरमधून पत्र्यावर पाऊस पडावा तसा आवाज येतो. एक-दोन दिवस ती जागा ठसठसते, क्वचित काळंनिळं होतं. बस.

नंतर

घरी जा, जेवा, गाडी चालवा. एनसीव्हीनंतर पथ्य नाही. आता तेल लावायला हरकत नाही.

रिपोर्टमधले आकडे लाल-काळे बघून नेटवर शोधत बसू नका. तीन गोष्टी वाचता आल्या तरी पुरे. लेटन्सी म्हणजे झटका दिल्यापासून लागलेला वेळ, ॲम्प्लिट्यूड म्हणजे प्रतिसादाची उंची, आणि व्हेलॉसिटी म्हणजे वेग. उंची कमी असेल तर साधारणपणे धागेच कमी झालेत असं समजतात. वेग फार घटला असेल तर धाग्यांवरचं वेष्टण बिघडलंय असा संशय घेतात. मनगटापाशीच संदेश अडखळत असेल तर कार्पल टनेल, म्हणजे मनगटात नस दाबली जाणं. आईच्या उजव्या हाताचं निदान तेच निघालं. चाळीस वर्षं विळीवर नारळ खवलेला तो हात. पायांत मधुमेहाचा परिणाम सुरुवातीचा. मला मनगटात सौम्य निघालं आणि रात्री पट्टा बांधून झोपायला सांगितलं.

आणि रिपोर्ट नॉर्मल आला तरी पायांची आग खोटी ठरत नाही. ही तपासणी जाड, वेगवान धाग्यांची आहे. जळजळ आणि वेदना नेणारे अगदी बारीक धागे तिच्यात दिसतच नाहीत. ‘सगळं नॉर्मल आहे, मनाचा खेळ आहे’ असं कुणी म्हणालं तर न्यूरॉलॉजिस्टना बारीक धाग्यांबद्दल स्पष्ट विचारा. गोव्यात हा प्रश्न घरोघरचा आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत मधुमेहाचं प्रमाण गोव्यात २६.४ टक्के आढळलं, देशात सर्वात जास्त. देशाची सरासरी ११.४.

मूळ रिपोर्ट फाइलमध्ये ठेवा, डॉक्टरांना झेरॉक्स द्या. एक-दोन वर्षांनी पुन्हा तपासणी झाली तर तुलना याच कागदाशी होणार आहे. त्यावर त्या दिवशीचं त्वचेचं तापमान लिहिलंय का बघा, नसेल तर विचारून लिहून घ्या.

गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंना हीच चिठ्ठी मिळाली. त्या विचारायला आल्या, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत आई आतून ओरडली, “आधी सांग तिला, पायांना तेल लावू नको म्हणून!”